घराचा रस्ता विचारणारे गावंडेकाका

गावंडेकाका स्वतःच्याच घराचा रस्ता लोकांना विचारत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कॉर्कच्या भर बाजारात एका फुलवालीपुढे टोपी हातात धरून उभे होते आणि डग्लसला कसं जायचं, असं अगदी भाबडा चेहरा करून विचारत होते. डग्लस हे कॉर्कचं उपनगर. काका तिथे कित्येक वर्षं राहत होते. फुलवाली दुकान तसंच टाकून त्यांना थांब्यापर्यंत सोडायला निघाली. तिचे आभार मानून काका परत आले आणि बॅग घेऊन ताटकळत उभ्या असलेल्या माझ्याकडे वळले. "तूच ना ते डब्लिनवाली? ऑफिसनं तुले घ्याले पाठवलं मले. पाहिलं ना, दुकान उघडं टाकून आली ते."

तेव्हा माझे दिवस धड नव्हते. आम्ही डब्लिनच्या पश्चिमेला ओंगारमध्ये राहत होतो आणि घरमालकानं घर विकायला काढलं होतं. माझ्या कंपनीच्या कॉर्कच्या ऑफिसात, जिथे काका कामाला होते, जागा होती, पण नवरा डब्लिनमधल्याच टॅलाच्या हॉस्पिटलात नोकरीला. सगळा बाडबिस्तरा उचलून दक्षिणेला यावं की नाही, या विचारानं माझी झोप उडाली होती. भेटेल त्याला मी विचारायची, कॉर्क राहण्यासारखं आहे का? कोणी म्हणे समुद्र जवळ आहे, कोणी म्हणे ट्रॅफिक कमी. काकांना हे कुठलंच उत्तर पसंत नव्हतं.

"ते सगळं नेटवर आहे," ते म्हणाले. "शहर पाहाचं असंन तं रस्ता विचाराचा. माणसानं बोट दाखवलं तं शहर पास. सोबत चालला तं तिथं राहाचं." डब्लिनचं काय, असं मी विचारलं. "लोकं चांगले आहेत तिथले बी. पण घाईत असतात. मोबाइलमधी नकाशा काढून दाखवतात अन् निघून जातात."

काका मूळचे नागपूरचे. मिशा भरघोस, आवाज खणखणीत, आणि इतक्या वर्षांत भाषेला पुण्या-मुंबईचं पाणी लागू दिलेलं नाही. कॉर्कमधली त्यांची सुरुवात मात्र भांडणानं झाली होती. इथले लोक बोलताना पुरुषाला सर्रास 'बॉय' म्हणतात, मग तो ऐंशीचा का असेना, आणि त्याचा उच्चार करतात 'बाय'. पहिल्याच आठवड्यात बसड्रायव्हर त्यांना म्हणाला, "यू आर ग्रँड, बाय." 'ग्रँड' म्हणजे इथे 'ठीक आहे, चिंता नको'. काकांना ऐकू आलं 'बाई'. मिशीवरून हात फिरवून ते त्या ड्रायव्हरला जाब विचारत राहिले आणि मागे रांग खोळंबली. प्रकार उलगडल्यावर ड्रायव्हर, त्याचं नाव डेनिस, स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. तेव्हापासून दोघांची गट्टी जमली आणि काका जगातल्या यच्चयावत माणसांना 'बाई' म्हणू लागले. आमच्या आयरिश मॅनेजरलासुद्धा.

आम्ही कॉर्कला आलो ते बऱ्याच अंशी काकांच्या भरवशावर. नवऱ्यालाही इथल्या हॉस्पिटलात काम मिळालं. रविवारी काकूंकडे सांबारवडी, म्हणजे नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, खायला जायचं आणि काकांची मतं ऐकायची. "गाव इतकं मोठं पाहिजे का आपल्याले काम भेटलं पाहिजे," ते सांगत, "अन् इतकं लहान पाहिजे का दोन दिवस आपण दिसलो नाई तं कोणाले तरी चुकल्यासारखं वाटलं पाहिजे." आम्ही हसायचो. त्यांची मुलगी मेघा ओंगारलाच राहते; ती फोनवरून म्हणायची, बाबांना कॉर्कच्या नगरपालिकेनं पगारावर ठेवायला हवं.

कॉर्कमध्ये ली नदी दोन फाटे करून वाहते आणि बाजार मधल्या बेटावर. नवा माणूस पूल ओलांडतो, थोडं चालतो, पुन्हा पूल येतो, आणि आपण नेमके कुठल्या काठावर आहोत हे त्याला कळेनासं होतं. मला हा घोळ काकांनीच सोडवून दिला होता. ते निवृत्त झाल्यानंतरच्या वर्षी एकदा आम्ही दोघं बाजार करून निघालो, आणि दक्षिणेकडच्या पुलावर काका थांबले. पाण्याकडे पाहत राहिले. मग मला मराठीत, हळू आवाजात म्हणाले, "पोरी, घर कोणत्या बाजूनं आहे वं?"

मी गमतीनं म्हणाले, "काका, माझी परीक्षा?" त्यांनी मान हलवली नाही. ते कुणालाही रस्ता विचारत तेव्हा उत्तराकडे त्यांचं लक्ष कधीच नसे. ते माणसाचा चेहरा न्याहाळत. त्या दिवशी ते माझे शब्द ऐकत होते, आणि "सरळ, मंग डावीकडं" असं स्वतःशी पुटपुटत होते.

घरी पोचल्यावर मी काकूंना स्वयंपाकघरात गाठून सांगितलं. त्यांनी कपाटाचं, म्हणजे इथल्या भाषेत 'प्रेस'चं, दार उघडलं. कपांच्या रांगेत दुधाची बाटली उभी होती. "मले माहीत आहे," काकू म्हणाल्या. "रोज इथंच ठेवून राहिले. मी गुपचूप काढते."

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि आमची भीती खरी निघाली. मेघा धावत आली. दोघांना ओंगारला घेऊन जायचं तिनं ठरवूनच टाकलं होतं, आणि तिचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. काका मात्र हटून बसले. "तुह्या तिथं सारे घरं एकसारखे. तिथं मी हरवलो तं हरवलोच. इथं हरवू दे मले." मेघा रडायला लागली. मी तिला चहा करून दिला.

त्यानंतर फोन वाजला की माझा जीव वर-खाली होई. आणि काकांचं न ऐकता सामान बांधायला मेघा पुन्हा आली त्याच दुपारी तो फोन आलाच. काका घरात नव्हते, मोबाइल टेबलावर. पाऊस होता. मी नदीकाठ धरला, मेघानं दुकानं. पाण्याकडे पाहायचं मी टाळत होते आणि पुन्हा पुन्हा तिकडेच पाहत होते.

शेवटी काकूंनी फोन करून आम्हाला घरी बोलावलं. दारात काका, भिजलेले, आणि त्यांच्या दंडाला धरून डेनिस. त्यानं उभी बस दुसऱ्या ड्रायव्हरच्या हवाली केली होती. काकांनी त्याला सीताबर्डीला जायचं कसं, असं विचारलं होतं. सीताबर्डी म्हणजे नागपूरचा बाजार. "मी म्हटलं, माझी बस तितकी लांब जात नाही," डेनिस म्हणाला, "पण घरी सोडतो." घर कसं माहीत, असं मेघानं विचारलं. त्यानं खांदे उडवले. "या माणसानं वर्षानुवर्षं मला स्वतःच्या घराचा रस्ता विचारलाय. मलाच काय, फुलवालीला विचारा, औषधाच्या दुकानात विचारा. या गावात हे घर कुणाला माहीत नाही?"

मेघा जिन्याच्या पायरीवर बसली. मग उठून तिनं बांधलेली एक बॅग सोडायला घेतली.

याला आता काळ लोटला. धास्ती काही गेलेली नाही. काकू दाराला घंटा बांधून ठेवतात. परवा डग्लसच्या चौकात मी भाजीची पिशवी घेऊन उभी होते आणि काका समोर आले. टोपी काढून, इंग्रजीत, परक्या बाईशी बोलावं तसं त्यांनी मला स्वतःच्या गल्लीचा रस्ता विचारला. काकू मागे थोड्या अंतरावर होत्या. मला रडू आलं. ते ओळख विसरलेत की माझी परीक्षा घेतायत, हे त्यांच्या डोळ्यांत शोधत राहिले, आणि सापडलं नाही.

मी बोट दाखवलं नाही. पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांच्याबरोबर चालू लागले. फाटकाशी ते थांबले, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "नव्या दिसता. राहा इथं. यू आर ग्रँड, बाई."

ते 'बाई' कॉर्कचं होतं की नागपूरचं, मी विचारलं नाही.