भोगीराम मिस्त्रींनी पुढे केलेली माती

ग्वाल्हेरला जायचं ठरलं ते शेटजींच्या हुकमावरून. पुण्याजवळच्या आमच्या चिनी मातीच्या कारखान्यात बरण्या भट्टीत तडकत होत्या, आणि ग्वाल्हेरच्या एका कारखान्यातले भोगीराम मिस्त्री म्हणे नुसत्या जिभेनं माती पारखत. म्हातारे महिनाअखेरीला काम सोडणार होते. त्याआधी त्यांची विद्या वहीत उतरवून आण, असं शेटजींनी मला, म्हणजे त्यांच्या कारकुनाला, बजावलं.

तुम्ही जाणार असाल तर थंडीतच जा, पण अंथरूण-पांघरूण जवळ ठेवा. झाशीच्या पुढे थर्डक्लासात हुडहुडी भरते. स्टेशनावरून शहराच्या लष्कर भागात यायला टांगेवाला आठ आणे मागतो, चारात येतो. मी चुलतभावाकडे उतरलो. "भाऊजी, कारखाना दूर पडेल, काही खाऊन जा न," वहिनी रोज म्हणायच्या. मी मात्र इंदरगंजच्या चौकात हिंगाच्या गरम कचोऱ्या हाणायचो. त्या अजिबात चुकवू नका.

भोगीरामांना डोळ्यांनी जेमतेम दिसायचं. दोन दिवस त्यांनी हातचं न राखता सांगितलं, मी लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मातीचा खडा मोडला, अर्धा स्वतः दातांखाली धरला आणि अर्धा माझ्यापुढे केला.

"जे बात लिखबे की नईं है, बाबूजी. चखो."

कुंभाराच्या हातचं, तेही बहुतेक उष्टं! माझ्यातलं सोवळं जागं झालं. "आज मेरा उपास है," मी म्हणालो.

मातीला कसला उपास?  "कचौड़ी तो इंदरगंज की है," भोगीराम हळूच म्हणाले. वास आला असणार. मग धोतराला हात पुसत म्हणाले, "हमाये तो कोई है नईं. आप सीख जाते तो जे विद्या रह जाती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी हात काही पुढे झाला नाही. पुढचे दोन दिवस त्यांनी बाकी सगळं सांगितलं, खडा मात्र पुन्हा पुढे केला नाही.

मी परत आल्यावर शेटजी वहीवर खूश झाले. अक्षर सुरेख, आकृत्या रेखीव. चवीच्या जागी मी लिहिलंय, 'चव योग्य असावी.' आमच्या भट्टीवाल्यानं विचारलं, "योग्य म्हंजी कशी?" मी "जरा आंबूस" असं ठोकून दिलं. बरण्या अजून तडकतात. लाज वाटून चुलतभावाला पत्र टाकून भोगीरामांचा ठावठिकाणा विचारला. उत्तर आलं की भोगीराम गावी गेले, आणि गाव कोणतं ते कारखान्यात कुणालाच ठाऊक नाही.

हल्ली कुणी यायच्या आत मी गोदामात जातो आणि प्रत्येक गोणीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवतो. सगळ्या सारख्याच लागतात.