चटणीचा वजीर

जिंकत आलेल्या डावात मी माझा वजीर फुकट घालवला.

परवा शेंगाचटणीची पुडी उघडली आणि त्या लसणाच्या वासानं मला तीस वर्षांमागं सोलापुरातल्या आमच्या बुद्धिबळाच्या क्लबात, स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत नेऊन बसवलं. समोर कुंभारीचे मल्लप्पाकाका. घोडा हलवला की मात, आणि जन्मात पहिल्यांदा ढाल माझी! तेवढ्यात माझ्या पांढऱ्या वजिरावर मघाशी खाल्लेल्या शेंगाचटणीचा लाल डाग दिसला. मी तो मायेनं पुसला.

“हात लावला की तेच हलवायचं बगा,” काका म्हणाले.

वजीर कुठंही नेला तरी मरतच होता. डाव गेला, ढाल गेली. त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं. आज वाटतं, चटणी मात्र झकास होती.

त्या डावावरून उठताना काका म्हणाले होते, “वजीर पुसला, आता तोंड बी पुसा की!”