बंदूक शेवटी

काकांसमोर कुणी नव्या बंदुकीचं नाव काढलं, की ते उजव्या हाताची चार बोटं एकेक करून मिटायचे आणि उरलेला अंगठा समोरच्याच्या नाकापुढे नाचवायचे. "बंदूक शेवटी!" मिटलेली बोटं म्हणजे दुर्बीण, पिशवी, गोळ्या आणि सराव. नव्या माणसाला वाटायचं, हे आपल्याला ठेंगा दाखवतायत.

आखातात, अल मनखूलमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. खरेदी खात्यात नोकरी. जन्मभर दुसऱ्यांसाठी माल घेतला. पन्नाशी उलटल्यावर लांब पल्ल्याच्या नेमबाजीचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं आणि शेजारधर्म म्हणून माझ्याही. मी सगळ्यात आधी काय घेतलं असेल? खिशाखिशांचं जॅकेट! काकांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "छान आहे. करामाच्या बाजारातून भाजी आणायला बरं पडेल."

त्यांचं मात्र सगळं क्रमानं. पहिली आली ती बंदुकीवर बसवायची दुर्बीण. "अरे, हजार मीटरवरची नेमाची पाटी दिसलीच नाही, तर सोन्याची बंदूक घेऊन काय चाटायचीय?" मग बंदुकीच्या मागच्या टोकाखाली ठेवायची पिशवी. ती त्यांनी जुन्या जीन्सच्या पायाची घरीच शिवली आणि आत काकूंच्या डब्यातला साबुदाणा भरला. एकादशीला काकूंनी डबा उघडला तेव्हा काय झालं, ते आम्हाला खालच्या मजल्यावर शब्द न् शब्द ऐकू आलं.

बंदूक नव्हती म्हणून सराव चालायचा मॉपच्या दांड्यावर. हॉलमध्ये चटई टाकून पालथे पडायचे, दांडा पिशवीवर टेकवायचे, अर्धा श्वास सोडून बोट अलगद मागे घ्यायचे. मुलगी त्यांना ओलांडून आत जायची. "बाबा, धिस इज सो एम्बॅरसिंग." काका हलायचे नाहीत. "थांब गं, गोळी अजून वाटेत आहे."

मला हसू यायचं आणि रागही यायचा. कारण साखरेनं त्यांचा उजवा डोळा पोखरला होता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. लेसर करून झालं होतं. आत रक्त उतरलं तर आधी काळे धागे तरंगताना दिसतील, मग नजर जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. त्याआधी ती लांबची लोखंडी पाटी त्यांना एकदा वाजवायची होती, स्वतःच्या डोळ्यानं बघून. बाकी काही मागणं नव्हतं माणसाचं.

"काका, रेंजवरची भाड्याची बंदूक घ्या आणि मारा की एकदाची! कशाला थांबलाय?" मी चिडून विचारायचो.

"परक्या बंदुकीवर हात बिघडतो. माझ्या परवान्याचे कागद होतील रे, इन्शाल्ला."

कागद काही होईनात. एका हिवाळ्यात, शनिवारी सकाळी, ते आपणहून खाली आले आणि म्हणाले, "चल. भाड्याची तर भाड्याची." मी गाडी काढली.

शहराबाहेरच्या त्या रेंजवर पेशावरचा एक शिक्षक होता. त्यानं काकांची दुर्बीण तिथल्या बंदुकीवर चढवून दिली. काका चटईवर असे पद्धतशीर आडवे झाले, की तो थक्कच झाला. "चाचा, आप तो पुराने खिलाडी निकले! यल्ला, मारो!"

काकांनी डोळा लावला. बोट चापावर गेलंच नाही.

"अरे, काचेवर केस आलाय. पूस जरा."

मी पुसली. वाकून स्वतः बघितलं. काच लख्ख होती. पलीकडे वाळूत पांढरी पाटी इतकी स्वच्छ दिसत होती, की तिच्यावरचे जुने ओरखडेही कळत होते.

"आता?" मी विचारलं.

"अजून आहे." काकांनी पुन्हा डोळा लावला. "लांब आहे केस. आता दोन झालेत बघ." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "नीट पूस ना रे."

शर्टाचं टोक धरून मी ती काच पुन्हा पुसायला लागलो.