सामंतचा डबा आणि महिन्याला एक पुस्तक

विलास सामंतला मी एकदा शावरमा खाऊ घालून जवळजवळ मारलं होतं.

तो आज पहाटे गेला. ठाण्याच्या घरी, झोपेत, त्र्याहत्तराव्या वर्षी.

हे कधी कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. दुबईत जबल अली बंदराजवळच्या एका कंपनीत सामंत वेअरहाऊस मॅनेजर, मी शिपिंग डॉक्युमेंट्स बघायचो. माझी फॅमिली पुण्याला. त्याची तिथेच, दुबईच्या करामा भागात. मृदुलावहिनी ऊद मेथाच्या एका शाळेत हिंदी शिकवायच्या, मुलगी ऋचा त्याच शाळेत.

सामंत वेंगुर्ल्याचा. शुक्रवारी सुट्टी असली की गाडीच्या डिकीत बर्फाचा डबा टाकून हा सुरमई आणायला थेट पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला. जाऊन-येऊन अख्खा दिवस. बाकीचे सहा दिवस मटण.

पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला.

अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, मटण बंद, तळलेलं बंद, रोज भाज्या.

"और मछली?"

"कभी-कभी."

तेव्हाचा त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

मग वहिनींचा डबा सुरू झाला. दुधी, मूग, पालक, ज्वारीची भाकरी. शाळेला जायच्या आधी, पहाटे उठून केलेला.

तिसऱ्याच दिवशी सामंतने तो डबा माझ्यापुढे सरकवला. "सत्या, तू खा. मला गेटबाहेरून एक मटणाचा शावरमा आण. यल्ला, लवकर."

मी आणला.

एकटा राहणारा माणूस मी. मला घरचं जेवण, त्याला शावरमा. दोघंही खूश. तीन महिने हे चाललं.

एका दुपारी तो खुर्चीतच छाती धरून वाकला. घामाने शर्ट चिंब. खानसाब नावाचा आमचा पेशावरचा फोर्कलिफ्टवाला आणि मी, आम्ही त्याला उचलून माझ्या गाडीत घातलं. हॉस्पिटलपर्यंतचा तो रस्ता मला आठवत नाही.

वहिनी शाळेतून तशाच आल्या. हाताला खडू.

डॉक्टरांनी विचारलं, "खाने में क्या था?"

वहिनी ठामपणे म्हणाल्या, "सिर्फ सब्जी, डॉक्टरसाहब. डब्बा मैं खुद देती हूँ."

डॉक्टर आत गेले.

मी म्हणालो, "वहिनी, ती भाजी मी खाल्ली."

त्या माझ्याकडे वळल्या.

"आजची?"

"रोजची."

मला वाटलं, आता कानाखाली बसेल. बसायलाच हवी होती.

हाताचा खडू पुसत त्या म्हणाल्या, "चांगली व्हायची का?"

मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ढसाढसा रडलो.

अटॅक नव्हता तो. पण अगदी काठावरून परत आलाय, असं डॉक्टर म्हणाले.

सामंत कामावर परतला त्या दिवशी त्याच्या हातात दोन डबे होते. माझ्या डब्यावर चिठ्ठी : "भावजी, हा तुमचा. आता अदलाबदल नको."

पण खरा प्रॉब्लेम पुढेच होता. भाजी-भाकरी दहा मिनिटांत संपायची. लंच अवर एक तासाचा. उरलेली पन्नास मिनिटं सामंतचे पाय आपोआप गेटकडे वळायचे. मी त्याला अक्षरशः धरून बसवायचो.

वहिनींनी डब्याच्या पिशवीत एक पुस्तक टाकलं.

सामंतने शाळा सुटल्यावर पुस्तक म्हणून हातात धरलं नव्हतं. पहिले चार दिवस नुसता चिडचिड करत होता. पाचव्या दिवशी लंच संपल्याची बेल झाली तरी उठेना.

मग त्याने टार्गेट ठेवलं. महिन्याला एक, वर्षाला बारा.

ओठ हलवत, हळूहळू वाचायचा. कुणी मराठी माणूस सुट्टीवर निघाला की त्याला सांगायचा, "माझ्यासाठी लोणचं नको, पुस्तक आण." वाचलेलं सगळं आपल्या मालवणी हेलातल्या हिंदीत खानसाबला सांगायचा. मध्येच थांबला की खानसाब चिडायचा. "सामंत साब, आगे क्या हुआ? लडकी घर लौटी कि नहीं?"

पहिल्या वर्षी सातच झाली.

ऋचा म्हणाली, "बाबा, सेव्हन इज नॉट ट्वेल्व्ह."

"झीरो पण नाही ना, बाळा."

तिसऱ्या वर्षी बारा झाली. पुढे तो मोजेनासा झाला.

मासे त्याने पूर्ण सोडले नाहीत. महिन्यातून एक शुक्रवार, खोर फक्कान, भाजलेल्या माशाची एकच तुकडी. काटे साफ करून, अगदी सावकाश खायचा. तिथेच, समुद्राकडे तोंड करून बसलो असताना मी एकदा धीर करून म्हणालो, "सामंत, चुकलं माझं."

"मला भूक होती, तुझ्याकडे गाडी होती. खलास."

मग काटा बाजूला ठेवत म्हणाला, "पण तिला सांगितलंस ते बरं केलंस. मला नसतं जमलं."

मीही त्या डब्यामुळे बदललो. सुट्टीत पुण्याला गेल्यावर दोडक्याची भाजी दुसऱ्यांदा मागितली, तेव्हा बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला होता.

२००५ च्या सुमारास आम्ही दोघंही भारतात परतलो, तो ठाण्याला, मी पुण्याला. सामंतने ऋचाचं लग्न पाहिलं. नातीला अक्षरं शिकवली. भाज्या निवडता निवडता वहिनींशी वाचलेल्या गोष्टींवरून वाद घातले. हे सगळं पंचेचाळिसाव्या वर्षीच हातातून जाणार होतं, आणि त्यात माझा हात असता.

सकाळी वहिनींना फोन केला. म्हटलं, लगेच निघतो, अडीच-तीन तासांत पोचतो.

त्या म्हणाल्या, "सावकाश या, भावजी. घाटात गाडी पळवू नका. आम्ही थांबतो तुमच्यासाठी."

निघतोय.

सामंत, मित्रा, माझा शेवटचा नमस्कार.