गाणं चालू तोवर घागर पुढं

लातूर जिल्हा झाला आणि वडिलांची बदली चाकूरहून लातूरच्या नव्या कचेरीत झाली. ते शनिवारी घरी येत. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच. आमच्या गल्लीतला हापसा चार घागरी भरल्या की दम टाकायचा, मग तासभर नुसती हवा. म्हणून बायका सकाळीच रिकाम्या घागरी रांगेत लावून ठेवत. आईची कंबर धरलेली, त्यामुळे घागर माझ्याकडे होती. आणि गाणंही माझ्याकडेच.

गाणं शिकवायचे ते बौद्धवाड्यातले निवृत्त मास्तर. भीमगीतं गाऊन गळा कमावलेला माणूस, भैरव शिकवताना तहानभूक विसरायचे. त्यांनी स्वतःची पेटी आमच्या घरी आणून ठेवली आणि सांगितलं, "उन्हाळ्याच्या शेवटी लातूरला स्पर्धा हाय. नांदेडचे गुरुजी ऐकायला येणार. एकाला घरी ठेवून शिकवणार हायेत. सकाळचे दोन तास चुकवायचे न्हाईत." त्यावर वडिलांचं एकच वाक्य: निवड झाली तर नांदेड, नाहीतर पेटी परत आणि डी.एड.चा फॉर्म. वडील शब्दाचे पक्के.

पण सकाळी गावं की रांगेत उभं राहावं? हा तिढा सोडवला समोरच्या किराणा दुकानातल्या अक्कांनी. कपाळाला विभूती, पदर खोचलेला, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "तू गा की. घागर मी सरकविते. पर गाणं थांबलं की घागर बी थांबली, सांगून ठेवते."

रांगेतल्या एकीनंही कुरकुर केली नाही. पाण्यासाठी एकमेकींच्या झिंज्या धरणाऱ्या या बायका! मी खिडकीशी बसून गायची आणि बाहेर माझी पितळी घागर एकेक पाऊल पुढं जायची.

मग माणसाला लबाडी सुचतेच. भैरवात एक तान होती, वरून खाली येताना मधेच माझा आवाज घसरायचा. मी ती सोडून दिली. सोपं तेवढं घोळून घोळून गायला लागले. आवाज चालू, घागर चालू, मी खूश.

पाचव्या दिवशी दोन तास गाऊन बाहेर आले तर माझी घागर सगळ्यात शेवटी. माझा पारा चढला. "अक्का, मी एकदाबी थांबले न्हाई!"

"थांबली न्हाईस," अक्का शांतपणे म्हणाल्या. "पर ती वरून खाली उतरायची तान, जिथं तुझा पाय घसरतो, ती कुठाय? चार दिवस झाले वाट बघायलोय आम्ही."

मागून दुसरी म्हणाली, "हाव की. मला तर ती लई आवडती."

मला वाटायचं, यांना गाण्यातलं काय कळतंय! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दुपारी अक्कांनी स्वतःची अर्धी घागर आमच्या माठात ओतली. दुसऱ्या दिवसापासून मी आधी ती तान घ्यायची, नंतर बाकीचं.

स्पर्धेच्या सकाळी दाराशी बादली भरलेली होती. प्रत्येकीनं आपल्या घागरीतून तांब्या तांब्या घातला होता, मला डोक्यावरून न्हाता यावं म्हणून. महिनाभर त्यांच्यातली एकही न्हाली नव्हती.

लातूरला त्या तानेत मी घसरलेच. पण गाणं थांबवायचं नसतं, एवढं अंगात मुरलेलं. तशीच वर गेले, पुन्हा उतरले, आणि या वेळी सुखरूप खाली पोचले. गुरुजींनी विचारलं, "घसरल्यावर थांबायचं नाही, हे कुणी शिकवलं?" मी मास्तरांचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तर शेजारी बसलेले मास्तरच म्हणाले, "ते मी न्हाई शिकवलं, गुरुजी. ते हापशावरच्या बायांनी."

नांदेडला गुरुजींच्या घरी नळाला पाणी होतं. रियाजाला वेगळी खोली होती, दार लावून घेता यायचं. पहिल्याच आठवड्यात गाण्यातली एक अवघड जागा मी गुपचूप गाळली. बाहेर काहीच सरकलं नाही, काहीच थांबलं नाही. अक्कांची इतकी आठवण आली की मी पेटीवर डोकं ठेवून रडले, आणि डोळे पुसून ती जागा पुन्हा घेतली.