गाडीचा आवाज

माझं माहेर हुपरीचं. पुढच्या खोलीत आई आणि मी पैंजणांच्या कड्या जोडत बसायचो. वडिलांच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की आई रेडिओ बंद करायची, चपला सरळ लावायची, पाण्याचा तांब्या उंबऱ्याजवळ ठेवायची. एखादी चप्पल वाकडी दिसली तरी वडील हाताला येईल ते भिरकावायचे. आईला ऐन तिशीत बीपीची गोळी लागली.

लग्न होऊन मी कोल्हापुरात आले. नवरा कागलच्या एमआयडीसीत कामाला. माणूस म्हणजे नुसती गाय, कधी आवाज चढवला न्हाय. तरी त्याची गाडी गल्लीत वळली की माझ्या छातीत धडधडतं आणि हात आपसूक टीव्हीकडं, चपलांकडं, तांब्याकडं जातात. त्याला वाटायचं, बायको किती काळजी घेते. मलाही तसंच वाटायचं. खुळी कुठली!

गेल्या वर्षी पोरीचं पोट दुखायला लागलं. सात वर्षांची पोर, रोज संध्याकाळी पोट धरून बसायची. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, सोनोग्राफी झाली. सगळं नॉर्मल. माझा जीव टांगणीला लागलेला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "त्या वेळेला घरात काय होतं?"

"काय न्हाय की. तिचे बाबा कामावरनं येतात."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्या शेजारी बसलेल्या नवऱ्याकडं बघितलं. बाईंना काय वाटलं ते त्याच्या ध्यानात आलं. मान खाली घालून बसला बिचारा. मला रडूच फुटलं. म्हटलं, "बाई, हे न्हवेत तसले. माझे वडील होते. आणि ते तर हिच्या जन्माआधीच गेले." मग गाडीचा आवाज, चपला, तांब्या, सगळं सांगून टाकलं.

"ती आजोबांना कुठं बघते? तुम्हाला बघते," बाई म्हणाल्या. "पोट मात्र तिचं खरंच दुखतं."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं गाडी कोपऱ्यावरच बंद केली आणि ढकलत घरापर्यंत आणली. मी ठरवून बसून राहिले. टीव्ही चालू, चपला दारात पसरलेल्या, तळहाताला नुसता घाम. फाटकाची कडी वाजली. पोरीनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग पोटावर हात धरून उठली आणि टीव्ही बंद केला.

"तू बस आई," ती हळूच म्हणाली. "तांब्या मी ठेवते."