बाकी किरकोळ सामान

अकोल्याहून आलेला तो कागद मी आधी बाजूलाच ठेवला होता. वैशाखात पटकीची साथ जोरात होती आणि मयतांचे कच्चे कागद रोज गठ्ठ्यांनी येत होते. ते एकेका ओळीत पक्के करून वरच्या साहेबाकडे धाडायचे, हे अमरावतीच्या कचेरीतलं माझं काम. जेवून आल्यावर त्या कागदाची पाळी आली. "एक बाई, वय अंदाजे पन्नास, पटकीने मयत. वारस समजला नाही. कमरेला आपल्या कचेरीची एक नक्कल मिळाली ती सोबत जोडली आहे. बाकी किरकोळ सामान." मी नक्कल उलगडली. अक्षर माझंच होतं. कागद भिजून वाळल्यासारखा कडक झाला होता, एका कडेची शाई फुटली होती, पण वाचता येत होतं : "एक बैल, पांढरा, कपाळी चंद्र, उजवे शिंग पुढे वळलेले, डाव्या पुठ्ठ्यावर त्रिशुळाचा डाग…" लेखणी हातातून गळून पडली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं काही झालं नाही. मी ती नीट दौतीशेजारी ठेवली आणि ओसरीवरच्या तिसऱ्या खांबापाशी जाऊन बसलो. सगुणामाय तिथं बसायची. तिला जाऊन आता दीड महिना झाला. कोणत्याही दप्तरात तिचं नाव धड आलेलं नाही, म्हणून या वर्तमानपत्राच्या वाचकांसाठी लिहितो आहे. त्यात माझी अब्रू जाईल, जाऊ दे.

ती नांदगाव खंडेश्वराकडची. नवरा तरुणपणीच गेलेला, मूल नाही. आई मेल्यावर धाकट्या भावाला, दौलतला, तिनंच वाढवलं. अमेरिकेत लढाई जुंपली आणि आपल्या कापसाला असा भाव आला की ज्याच्याकडे बैलजोडी तो गाडीवान झाला. दौलतही झाला. अमरावतीहून गठ्ठे भरायचे आणि अकोल्यावरून पुढे रेल्वेच्या टोकापर्यंत न्यायचे. त्या वर्षांत रस्त्यावर गाड्यांची रांग तुटत नसे, आणि त्या रांगेतून माणसं नाहीशी होत. कुणाला लुटारू गाठत, कुणाला ताप. कापूस पोचला नाही तर व्यापारी चार दिशांना माणसं पिटाळी. गाडीवान परतला नाही तर त्याच्या घरचे वाट पाहत. दौलत एका कार्तिकात गेला तो आलाच नाही. दोन महिन्यांनी सगुणाबाई आमच्या कचेरीच्या ओसरीवर उभी राहिली. हातात एक गाठोडं होतं. त्यात भावाचं लाल पागोटं होतं, पोळ्याला आणि लग्नकार्याला बांधायचं, जाताना तो बहिणीकडे ठेवून गेलेलं.

"काय पायजे बाई?" मी विचारलं.

"मले एवढंच सांगा पंत, मी रडू का वाट पाहू?"

मी तेव्हा हसलो होतो, खोटं कशाला बोलू. असला अर्ज कोणत्या सदरात घालायचा? पण ती हलेना. तिचं म्हणणं सरळ होतं. भाऊ मेला असेल तर जिथं मेला तिथल्या पाण्यात हे पागोटं सोडायचं, रडायचं, दहावा घालायचा आणि भावजयीला मोकळी करायची. जिवंत असेल तर पागोटं त्याच्या डोक्यावर बांधायचं. यातलं एकही करता येत नव्हतं, म्हणून ते गाठोडं ती काखेत घेऊन फिरत होती. शेवटी मामलेदार वैतागून म्हणाले, "वाच रे तिला बेवारस मयतांचं बुक, आणि वाटेला लाव."

ती वाटेला लागली नाही. दर सोमवारी गावाहून निघे आणि मंगळवारी ऊन चढायच्या आत तिसऱ्या खांबाशी हजर होई. मी वाचायचो, ती ऐकायची. "एक इसम, वय अंदाजे तीस, जात समजली नाही, अंगावर धोतर." पुढची ओळ तशीच, त्याच्या पुढची तशीच. बुक झालं की दवाखान्याचं बुक, मग धर्मशाळेचं, नाक्याचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेली ओळ ती विसरत नसे. पुढे पुढे दुसऱ्या बायकाही तिच्याजवळ येऊन बसू लागल्या, आणि आपला माणूस कसा होता ते सांगू लागल्या. बडनेऱ्याच्या एका तेलिणीचा नवरा तिनंच शोधून दिला. दवाखान्याच्या बुकात 'पायास सहा बोटे' एवढं लिहिलेलं होतं, ते तिला चार महिन्यांनी आठवलं. तेलीण तिच्या गळ्यात पडून रडली तेव्हा ही म्हणाली, "रड माय, रडून घे. तुह्या नशिबात तरी रडणं आलं." तिच्या आवाजात हेवा होता. मला तो तेव्हा ऐकवला नाही.

कोंडवाड्याचं बुक वाचायचं तिच्याच डोक्यात आलं. मी म्हटलं, "बाई, त्यात मोकाट जनावरं असतात, माणसं नाही." ती म्हणाली, "माणूस नाई सापडत तं बैल पाहू." तिसऱ्या मंगळवारी मूर्तिजापूरच्या कोंडवाड्यातली ती ओळ निघाली. पांढरा, कपाळी चंद्र, उजवं शिंग पुढे वळलेलं… मी अर्ध्यात असतानाच ती उभी राहिली. "चांद्या! आमचा चांद्या हाय तो! मी त्याले हातानं चारलं पंत, तिरसुळाचा डाग माह्या डोळ्यासमोर देल्ला!" बैल केव्हाच लिलावात गेला होता आणि कुठून भटकत आला होता ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं त्या ओळीची नक्कल मागितली. मी लिहून, शिक्का मारून दिली. ती कागद कमरेला खोचता खोचता थांबली आणि म्हणाली, "बैलाचं एवढं लिवते. शिंग, डाग, कपाळ… माणसाचं काहून नाई लिवत कोणी?"

मी म्हटलं, बैलाचा मालक येतो ना विचारायला. "मंग मी कोण हाय?" ती म्हणाली.

आता माझी गोष्ट. त्याच मंगळवारी, बैलाची तारीख धरून, मी अकोल्याकडच्या मयतांचं बुक उघडलं; ते तोवर तिला वाचलेलं नव्हतं. त्याच पंधरवड्यात काटेपूर्णेच्या काठी एक प्रेत मिळाल्याची ओळ होती. एक इसम, वय अंदाजे तीस. सगुणाबाई समोर बसून बोलतच होती, की दौलतच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, लहानपणी बैलानं शिंग मारल्याचा वण आहे. आणि मला एकदम त्या ओळीमागचा कच्चा कागद आठवला. तिथल्या म्हाताऱ्या पाटलानं पानभर लिहून धाडलं होतं : प्रेत कसं पडलं होतं, दात कसे होते, हात कसे होते, आणि पाठीवर एक जुना वण… का पोटावर? शिंगाचा म्हटलं होतं, का भाजल्याचा? माझी थोडक्यात लिहिण्याबद्दल ख्याती होती. साहेबानं चारचौघांत माझी पाठ थोपटली होती. पाटलाचं पानभर पाल्हाळ मी एका ओळीत बसवलं होतं, आणि वर्ष सरल्यावर कच्चे कागद बंबात गेले होते. ती ओळ तिला वाचली असती तर तिनं विचारलं असतं, वण होता काय पंत? मी काय सांगणार होतो? मी बोट खालच्या ओळीवर सरकवलं आणि पुढचं वाचायला लागलो.

तीन वर्षं मी ती ओळ गाळून वाचत होतो. दर मंगळवारी. तिनं आणलेली बोरं खात होतो, हुरडा खात होतो. या माणसाला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. मी बऱ्याच गोष्टी म्हणून पाहिल्या आहेत.

यंदाच्या चैत्रात ती मंगळवार नसताना आली. लढाई संपून कापूस कधीच उतरला होता, बाजारात माश्या मारत बसलेले दलाल दिसत होते. ती म्हणाली, "भावजयीचा बाप तिचा पाट लावतो म्हणते. मले पुसून राहिला, होकार दे. कसा देऊ? उद्या दौलत दारात उभा राहिला तं त्याले काय सांगू? अन् मेला असन, तं त्या पोरीचं वय म्या फुकट जाळलं पंत." बोलता बोलता तिनं कपाळ खांबावर आपटलं, दोनदा. मला ते सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. ओळ, पाटलाचा कागद, सरकवलेलं बोट.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं. म्हणाली, "त्या दिशी वाचतानी तुमी थांबले होते. म्या पायलं होतं. मले वाटलं, डोळ्यात कचरा गेला असन तुमच्या."

मग विचारलं, "पाटील जिता हाय ना?"

मी म्हटलं, असावा. गावाचं नाव सांगितलं. पटकी चालू आहे, आत्ता जाऊ नका, मीच पत्र लिहितो, असंही म्हणालो. "नोका लिवू," ती म्हणाली. "तुमी काईच नोका लिवू." गाठोडं काखेत मारलं आणि उन्हातच निघाली. मी पाण्याचा तांब्या घेऊन फाटकापर्यंत गेलो. तिनं मागे पाहिलं नाही.

नक्कल परत आल्यावर मी रजा काढून त्या गावी गेलो. पाटील त्याच साथीत वारला होता. त्याची सून म्हणाली, "आली होती एक बाई. म्हाताऱ्यासंग ओट्यावर बसली होती सांजोक. मंग उठून नदीकडं गेली." मी विचारलं, रडत होती का? "मी भाकरी थापून राहिली होती. मले नाई मालूम." मी नदीवर गेलो. वैशाखातली काटेपूर्णा, कमरेइतकं डबकं. लोक तिथूनच पाणी पीत होते, आणि अकोल्याची पायवाटही तिथूनच जात होती. ती नदीकडे गेली याचा काहीही अर्थ होत होता.

मग अकोला. पटकीच्या झोपड्यांवर नेमलेला कारकून माझ्यासारखाच, नीटनेटका, कानावर लेखणी. मी त्याला म्हटलं, किरकोळ सामान म्हणजे काय काय होतं? तो म्हणाला, "किरकोळ म्हणजे किरकोळ." मी म्हटलं, आठवा, एक लाल पागोटं होतं का? "चिंध्या होत्या काही. साथीत सगळं जाळतात." लाल होत्या का? "अहो पंत," तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "त्या दिवशी एकोणीस होते. कुणाकुणाचं लिहू?" मी त्याच्यावर ओरडलो नाही. कोणत्या तोंडानं ओरडणार?

पाटलानं वण आठवून सांगितला असेल, तर तिनं पागोटं नदीत सोडलं असेल, रडली असेल, मोकळी होऊन मेली असेल. नाही सांगितला, तर ते गाठोडं उशाला घेऊन अकोल्याच्या एका झोपडीत वाट पाहतच मेली. दोनांतलं एक. भावजयीचा पाट लागला. तिच्या बापानं मला विचारलं होतं आणि मी दौलत मेला असं सांगितलं. ते खरं की खोटं, मला माहीत नाही.

तिची ओळ पक्की करायची होती तेव्हा मी पाऊण पान लिहिलं. हनुवटीवरचं गोंदण, डाव्या पायानं किंचित ओढत चालणं, ऐकलेलं न विसरणं. शिरस्तेदारांनी कागद परत पाठवला, वर शेरा, "थोडक्यात लिहावे." तो तसाच माझ्याजवळ पडून आहे. मंगळवारी बायका अजून येतात, मी एकही ओळ न गाळता वाचतो. त्या गेल्या की ती नक्कल काढतो आणि तिसऱ्या खांबाशी उजेडाकडे धरतो. एका कडेची शाई फुटली आहे. ती पागोटं सोडायला पाण्यात कमरेपर्यंत उतरली होती म्हणून, की वैशाखाच्या घामानं… रोज पाहतो. अजून कळत नाही, मी रडू का काय करू.